पलवोनशोने विणलेलं गाढव

गुंट नदीकाठच्या आमच्या गावात पलवोनशो गाढव विणायला बसलाय, ही बातमी पुलाजवळच्या चहाखान्यात पोचायला किती वेळ लागावा? त्याची पहिली फेरी पुरी व्हायच्या आत ती पोचली होती. आमच्याकडे बातमीला पाय नसतात, चाकं असतात.

आणि बातमी होतीच तशी. पलवोनशो म्हणजे कोण? एकतीस वर्षं खोरोग ते ओश या डोंगरी रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस. वरच्या खिंडीत जिथे इतरांना धड श्वास घेता येत नाही, तिथे हा चाक बदलून, वर चहा करून प्यायचा. हात असे की चहाची वाटी धरली तर वाटी दिसेनाशी व्हावी. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, ट्रक पुतण्याला देऊन टाकला, आणि तेव्हापासून हा घरी. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय आफत असते ते त्याच्या बायकोला विचारा. दिवसातून सहा वेळा बाहेर जाऊन रस्ता आहे की नाही ते बघून यायचा.

बायको बख्तबेगीम. तिच्या हातच्या लोकरी मोज्यांसाठी खालच्या गावांतून माणसं यायची. आमच्या बायका मोजे क्रोशाच्या एका सुईने विणतात, अंगठ्याकडून सुरू करून वर नेतात, कुठे शिवण नाही की जोड नाही. बख्तबेगीमचा मोजा उलटा केला तरी सुलटा कुठला ते कळायचं नाही. पण साखरेच्या आजाराने चार वर्षांत तिची नजर गेली. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. सुई खुंटीला टांगली गेली ती गेलीच.

या घराची एक रीत होती. पोर परमुलखात निघालं की बख्तबेगीम त्याला घराची चावी द्यायची, आणि चावीला स्वतः विणलेलं बोटभर जनावर. थोरला मॉस्कोला गेला तेव्हा रानबोकड. मधल्याला याक. तिसऱ्याला हिमबिबट्या, जो सरळसरळ मांजर दिसत होता, पण तिला सांगणार कोण? खरं म्हणजे आमच्या गावात दाराला कुलूप लावतं कोण! चावी कामाची नव्हतीच. घर तुझं आहे, केव्हाही ये, एवढं सांगायला ती चावी.

आता शेंडेफळ निघालं होतं. अंझुरत. नर्सचा अभ्यास पुरा केला, मॉस्कोत एका दवाखान्यात काम मिळालं, बारा दिवसांनी निघायचं. न्याहारीला सगळे शीरचाय पीत होते, मीठ-लोण्याच्या चहात भाकरी बुडवून, तेव्हा बख्तबेगीम सवयीने बोलून गेली, "तुला कुठलं जनावर गं?"

बोलली आणि वाटीतली भाकरी उगाच ढवळायला लागली.

अंझुरत हसून आईला म्हणाली, "नान, राहू दे आता. नुसती चावी दे."

ते "राहू दे" ऐकून पलवोनशोने हातातली भाकरी खाली ठेवली. या पोरीने लहानपणी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, खरंखुरं गाढव. दर खेपेला मागायची. हा दर खेपेला म्हणायचा, पुढच्या वेळी आणतो. पुढच्या वेळा संपल्या, पोरगी मोठी झाली.

"गाढव," तो म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?" बख्तबेगीमने विचारलं.

"चावीला गाढव लागेल. मी करतो. तू शिकव."

बख्तबेगीम आधी हसली, मग खोकली, मग डोळे पुसत पुन्हा हसली. "अरे देवा! स्वतःच्या पाटलोणीचं बटण लावलंयस का कधी?"

"ट्रकचं इंजिन उघडून परत बसवलंय मी. बोटभर गाढवाचं काय घेऊन बसलीस?"

"इंजिनाला कान नसतात, पलवोनशो."

तरी त्याने खुंटीवरून सुई काढलीच. राखी लोकर काढली. खिडकीखाली तिच्या शेजारी मांडी घालून बसला, म्हणजे गुडघे दुमडत नव्हते म्हणून पाय लांब करून बसला, आणि शिकायला लागला.

आधी साखळी आली. साखळीला दोन दिवस गेले. मग साखळीची अंगठी करून तिच्यात सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घालायचे. त्याची सुई लोकरीत शिरायची ती बाहेर यायचं नावच घ्यायची नाही. घामाघूम होऊन तो शिव्या घालायचा, रस्त्यावरच्या, ओशच्या बाजारातल्या, आणि एक-दोन तर रशियन लष्करातल्या. बख्तबेगीम शांतपणे म्हणायची, "शिव्यांनी टाके वाढत नाहीत. हात पुढे कर." मग त्याच्या त्या फावड्यासारख्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून ती टाका घालून दाखवायची. दिसत नव्हतं तिला काही. तिच्या बोटांना मात्र सगळं आठवत होतं.

चौथ्या दिवशी एक राखी गोटी तयार झाली. गाढवाचं डोकं. पलवोनशोने ती अशी पुढे केली, जणू खिंड पार करून माल पोचवला.

बख्तबेगीमने गोटी चाचपली. जमिनीवर आपटली. टक्क असा आवाज झाला.

"हे डोकं आहे की दगड?"

"पक्कं झालंय."

"पक्कं? अरे, याच्यात सुई कुठून जाणार? पुढची फेरी कशात घालणार? प्रत्येक टाका का आवळून ठेवलायस?"

आता हे तिला कसं सांगावं? एकतीस वर्षं त्याने दोर आवळले होते. दोर सैल राहिला की पहिल्याच वळणावर माल सरकतो, माल सरकला की गाडी जाते, गाडीबरोबर माणूस जातो. गाठ मारली की एकदा गुडघा लावून ओढायची, मग पुन्हा ओढायची. लोकर हातात आल्यावरही हात तेच करत होते.

"हे गाढव पळून नाही जाणार," ती म्हणाली. "जरा सोड त्याला."

आणि तिने टोक शोधून धागा ओढला. सर्रकन. चार दिवसांचं गाढव दोन मिनिटांत पुन्हा लोकर झालं. पलवोनशो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"अगं, अर्धं तरी ठेवायचंस!"

"चुकीच्या पायावर भिंत चढवतात का? घे. पहिल्यापासून."

त्याने घेतलं. हट्टी माणूस. पण हट्टाचा एक फायदा असतो, लाज वाटायची थांबते. दुसऱ्या दिवशी तो लोकर खिशात घालून सरळ चहाखान्यातच गेला. उजेड तिथे बरा होता म्हणे.

अलिफबेक तिथे टपलेलाच होता. हाही जुना ड्रायव्हर, पलवोनशोच्या मागोमाग वीस वर्षं गाडी चालवलेला, आणि वीस वर्षं त्याची धूळ खाल्लेला. असा मोका तो सोडतोय होय?

"या, या आजीबाई! काय विणताय? नातवाला टोपरं?"

"गाढव."

"आरशात बघून विणतोयस का रे?"

सगळा चहाखाना हसला. पलवोनशोने सुईवरून नजर काढली नाही. "आरसा कशाला? तू समोर बसलायस की. जरा मान वळव, कानांचं माप घेतो."

आता दुप्पट हसू उठलं. अलिफबेकनेही मांडीवर थाप मारली, पण थोड्या वेळाने सरकून जवळ येऊन बसला. "किती टाके?" त्याने हळूच विचारलं.

"या फेरीत अठरा."

"मग हे एकोणीस कसे?"

पलवोनशोने मोजले. एकोणीसच होते. त्याने मुकाट्याने उसवले. त्यानंतर अलिफबेक रोज शेजारी बसून मोठ्याने टाके मोजायचा. टाके मोजायचे म्हणजे त्याला खिंडीतली वळणं मोजल्यासारखं वाटत असावं, कारण बाराव्या टाक्याला तो हटकून म्हणायचा, "सांभाळ, इथे दरड येते." दोन म्हातारे अशा गंभीर चेहऱ्याने गाढवाची मान वळवत होते, की पोस्टातून पेन्शन आणायला निघालेल्या बायका थांबून बघायच्या आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून पुढे जायच्या.

आठव्या दिवशी डोकं आणि धड झालं. भरायला कापूस हवा होता. घरात सापडेना. पलवोनशोने फार विचार केला नाही, पडवीतल्या हत्यारांच्या पेटीतून इंजिन पुसायचा कापूस काढला आणि कोंबला. संध्याकाळपर्यंत गाढवाच्या पोटावर काळा डाग उमटला. बख्तबेगीमने नुसता वास घेतला, ते हातातही घेतलं नाही.

"कोण आलंय घरात? गाडी दुरुस्त करून आलंय का कुणी?"

"कोणी नाही."

"मग हे गाढव डिझेलवर चालतं का रे?"

पुन्हा उसवलं. लोकर धुतली, चुलीजवळ वाळत घातली. चारच दिवस राहिले. त्या रात्री पलवोनशो जेवला नाही धड.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची शकरमो आली. ओंजळीत काहीतरी झाकून आणलेलं. उघडलं तर गाढव. काय गाढव होतं महाराज! मऊ, गुबगुबीत, कान उभे, पापण्यांसकट डोळे, शेपटीला गोंडा. एका बैठकीत केलं म्हणाली. "भाभीने सांगितलं म्हणून," असं म्हणून तिने ते पलवोनशोसमोर ठेवलं आणि त्याचं तोंड बघून चहाही न पिता निघून गेली.

पलवोनशो बराच वेळ त्या गाढवाकडे बघत बसला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. चावी अडकवायची की झालं. पोरगी खूश झाली असती.

"तू सांगितलंस तिला?" शेवटी त्याने विचारलं.

"सांगितलं," बख्तबेगीम म्हणाली. "तुझे हाल बघवत नाहीत."

"तुला दिसतं तरी कुठे?"

"ऐकू येतं ना. झोपेत टाके मोजतोस."

पलवोनशो उठला, दाराशी गेला, परत आला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो वेगळाच.

"थोरला गेला तेव्हा मी कुठे होतो?"

"मुर्गाबला. धुरा मोडली होती."

"मधला गेला तेव्हा?"

"ओशला."

"आणि तिसरा?"

तिसरा गेला तेव्हा हा तीन दिवसांच्या वाटेवर बर्फात अडकला होता. पोरगं दारात थांबून थांबून निघून गेलं.

"तिन्ही वेळा दारात तू होतीस. जनावर तुझ्या हातचं, चावी तुझ्या हातची. माझ्या हातचं काय आहे त्यांच्याकडे? सांग की! ओशहून आणलेले बूट. ते केव्हाच फाटले असतील. ही एकच उरलीय, आणि या वेळी मी घरात आहे. हिला जायचं त्या दिवशी माझ्या हातचं काहीतरी हिच्या मुठीत पाहिजे. वेडंवाकडं असू दे, गाढवासारखं न दिसलं तरी चालेल. चावी चाचपताना तिला वाटलं पाहिजे, चला, घरी जाऊ. मला ती परत यायला हवीय, बख्तबेगीम. तिघं गेले ते गेलेच. मला ही परत यायला हवीय."

एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बख्तबेगीमने डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं. मग हात पुढे करून म्हणाली, "लोकर वाळली का बघ. आणि माझ्या उशीला मागच्या बाजूने कात्री लाव, त्यातला कापूस घे. तो तरी वास मारणार नाही."

शकरमोचं गाढव अलिफबेकच्या नातीकडे गेलं. ती अजून त्याला घेऊन झोपते.

मग मात्र पलवोनशो कामाला लागला ते लागलाच. सकाळी बसायचा तो उजेड जाईपर्यंत. टाका घातला की मनात म्हणायचा, सोड. घातला, सोड. एखादा टाका हात आपसूक आवळायचा, की बख्तबेगीम पलीकडून म्हणायची, "पुन्हा दोर बांधलास." तिला कसं कळायचं देव जाणे. कदाचित तो ओढताना श्वास रोखायचा, ते ऐकू येत असेल. गुरुवारी डोकं झालं. शुक्रवारी धड झालं, उशीतल्या कापसाने भरलं. शनिवारी दोन्ही कान, एक जरा लांब, पण गाढवाचे कान मोजतो कोण! दुपारनंतर पाय. पहिला, दुसरा, तिसरा. अंझुरत आत सामान भरत होती. तिने सगळं बघितलं होतं, पण बारा दिवसांत एका शब्दाने विचारलं नव्हतं. फक्त जाता-येता चहाची वाटी भरून त्याच्या गुडघ्याशी ठेवायची.

चौथा पाय अर्धा झाला आणि उजेड गेला. त्यात नेमकी वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात त्याने दोनदा टाके मोजले, दोनदा चुकले, आणि बख्तबेगीमने त्याच्या हातातून सुई काढून घेतली. "सकाळी कर. गाडी सातला येणार आहे. तू पाचला ऊठ."

तो चारला उठला. कंदील घेऊन खिडकीत बसला. पण घाई होती, आणि घाईत हात पुन्हा जुन्या वळणावर गेले. पाय झाला तो खिळ्यासारखा कडक. जोडायला गेला तर सुई शिरेना. उसवला. पुन्हा घातला. दुप्पट जाड झाला. पुन्हा उसवला. बाहेर तिला दुशान्बेच्या विमानापर्यंत नेणाऱ्या जीपने भोंगा वाजवला तेव्हा हातात तीन पायांचं गाढव होतं आणि बाजूला लोकरीचं भेंडोळं.

अंगणात सगळे जमले होते. अलिफबेक सुद्धा, धुतलेला सदरा घालून. बख्तबेगीमने रानातल्या वाळक्या पाल्याचा धूर पोरीच्या डोक्यावरून ओवाळला, भाकरी बांधून दिली, कपाळाचा मुका घेतला. मग पलवोनशो पुढे आला. काय बोलायचं ते त्याने चार दिवस ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्याने मूठ उघडली. चावी, आणि चावीला ते गाढव, एका बाजूला कलंडलेलं.

"चौथा राहिला गं," तो म्हणाला. "वेळ पुरला नाही. ने तसंच."

अंझुरतने गाढव घेतलं. सगळीकडून फिरवून बघितलं, आखूड कान बघितला, लांब कान पण बघितला, पोट दाबलं. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते त्याच्याच हातात परत ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटली.

"मी नाही नेत, तात."

पलवोनशोचा चेहरा असा पडला की अलिफबेकने दुसरीकडे बघितलं.

"ऐक ना," ती म्हणाली. "तिघंही चावी घेऊन गेले. चावी खिशात आहे, केव्हाही जाता येईल, म्हणत बसले. आलं का कोणी? मला चावी नको. मी येईन आणि दार वाजवीन. तूच उघडायचंस. नानला धावायला लावू नकोस, ती पडेल. तूच उठायचंस, ते गुडघे घेऊन. आणि हे गाढव तेव्हा चार पायांवर उभं दिसलं पाहिजे. नाहीतर मी आत येणार नाही, सांगून ठेवते."

"केव्हा येशील?"

"नवरोजला. या वसंतातल्या नाही, पुढच्या. रजा मिळेल असं दवाखान्याच्या पत्रात लिहिलंय, मी आधी विचारूनच घेतलं."

जीप गेली. धूळ बसायला आमच्याकडे वेळ लागतो, तोवर सगळे उभेच होते. बख्तबेगीमने हात पुढे केला, तिला आत न्यायला पलवोनशो वळला, पण तिने त्याचा हात धरायच्या ऐवजी त्याच्या मुठीतलं गाढव चाचपलं. तीन पाय मोजले.

"दिसलं नाही मला," ती म्हणाली. "रडत होती का?"

"होती."

"आणि तू?"

पलवोनशोने नाक ओढलं.

"बरं," ती म्हणाली. "नवरोजला बराच वेळ आहे. तोवर रोज सकाळी पडवीच्या चार फेऱ्या मारायच्या, काठी न घेता. दार उघडायला जाताना धडपडलास तर मला चालणार नाही."

"आठ मारतो," पलवोनशो म्हणाला, आणि त्याच वेळी, चहाही न घेता, पहिली फेरी मारायला निघाला.